डिमेन्शिया, रात्रीची जाग आणि प्रकाशाचा दिवा: आईसाठी घ्यावा का?

शर्वरी_ल

आई ७८ वर्षांची आहे. अल्झायमरचं निदान होऊन बराच काळ लोटला. दिवसा शांत असते. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही, पण मी तिची कुणीतरी आहे हे तिला कळतं. खरी परीक्षा रात्रीची. दिवे लागायच्या सुमाराला तिची घालमेल सुरू होते. "मला घरी सोड, आई वाट बघत असेल" म्हणत दाराची कडी चाचपडते. नऊला डोळा लागतो आणि एक-दीडला उठून ती कपाटातले सगळे कपडे बाहेर काढते, चादरीत गाठोडं बांधते आणि ते मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहते. मी समजूत काढून निजवते, तासाभराने पुन्हा तेच. दुपारी मात्र खुर्चीत मान टाकून अशी झोपते की हाका मारल्या तरी जाग येत नाही.

झोपेची गोळी देऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी, त्यात बाथरूमकडे जाताना तोल गेला. डॉक्टरांना विचारून ती बंद केली. आता भाऊ म्हणतोय लाइट थेरपीचा दिवा घेऊ, दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), टेबलावर ठेवायचा. जाहिरातीत झोपेबरोबर स्मरणशक्तीही सुधारते असं लिहिलंय. दुसऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीत तर सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा प्रकाश मेंदूतला कचरा साफ करतो असा दावा आहे.

कुणी घरी वापरलाय का? खरंच उपयोग होतो की नुसती आशा? आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे भीतीही वाटते. मी स्वतः नोकरी करते आणि सलग झोप म्हणजे काय ते विसरले आहे, म्हणून कृपया स्पष्ट लिहा.

भैरवी_सेवा

शर्वरी, मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या निवासी केंद्रात परिचारिका आहे. दिव्याचं बोलण्याआधी एक काम करून घ्या. रात्रीची जाग नेहमी मेंदूमुळेच असते असं नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, गुडघेदुखी, पाय सतत हलवावेसे वाटणं, घोरताना श्वास अडकणं, यातलं काहीही असू शकतं, आणि आईंना ते शब्दांत सांगता येणार नाही. त्या कपडे काढतात, गाठोडं बांधतात, म्हणजे कदाचित आधी लघवीला उठल्या आणि मग कशासाठी उठलो तेच हरवलं. एकदा त्या उठतात त्या क्षणी, काही न बोलता, सोबत बाथरूमपर्यंत नेऊन बघा.

दुसरं, त्यांना डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरची गोळी, चालू आहे का? असेल तर कधी देता? रात्री दिल्यावर काहींना झोप लागत नाही किंवा फार जिवंत स्वप्नं पडतात. डॉक्टर ती गोळी बऱ्याचदा सकाळी हलवतात. आणि सर्दी-ॲलर्जीच्या ज्या औषधांनी झोप येते, डायफेनहायड्रामिनसारखी, ती "साधीच तर आहे" म्हणून देऊ नका. डिमेन्शियात त्यांनी गोंधळ वाढतो.

लक्समापक

शर्वरीताई, माझं आयुष्य दिव्यांच्या हिशोबात गेलं. कारखान्यांच्या शेडमध्ये कुठे किती उजेड पडला पाहिजे ते ठरवायचं काम. निवृत्तीनंतर पत्नीला अल्झायमर निघाला आणि कपाटात ठेवलेलं लक्समीटर पुन्हा हातात आलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उजेडाचा आणि झोपेचा संबंध. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, साधारण २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. शरीराचं मुख्य घड्याळ ते. बहुतेक माणसांत ते २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं, त्यामुळे रोज त्याला बाहेरच्या दिवसाशी जुळवून घ्यावं लागतं. जुळवणारा मुख्य घटक म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी आहेत, त्यांत मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात हे २००२ साली स्पष्ट झालं, म्हणजे तसं अलीकडेच.

म्हातारपणात डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते. दोन्हींमुळे आत जाणारा उजेड घटतो, आणि त्यातही नेमका निळा. अल्झायमरमध्ये वर सांगितलेल्या मेलॅनॉप्सिनच्या पेशीसुद्धा कमी झालेल्या आढळल्या आहेत, आणि खुद्द घड्याळाचा पुंजकाही झिजतो. त्यात माणूस घराबाहेर पडत नाही. सगळं मिळून दिवस पुरेसा दिवस राहत नाही आणि रात्र रात्र राहत नाही. झोप दिवसरात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरते. आईंची दुपारची झोप आणि रात्रीचं गाठोडं हे दोन वेगळे त्रास नाहीत, असं मला वाटतं.

आता मीटर काय म्हणतं ते. बसायच्या खोलीत लोक टेबलावरचा उजेड मोजतात. मोजायचा तो डोळ्यापाशी, मीटर उभं धरून, चेहरा ज्या दिशेला आहे त्या दिशेला. पत्नीच्या नेहमीच्या खुर्चीत, दिवसाढवळ्या, वरचा दिवा चालू असताना आकडा शंभरच्या आतबाहेर होता. खुर्ची फिरवून खिडकीसमोर नेली तर हजाराच्या वर. बाहेर अंगणात ढग असतानाही कित्येक हजार, आणि लख्ख उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. घरातला उजेड आपल्याला पुरेसा "दिसतो" कारण डोळा जुळवून घेतो. शरीराच्या घड्याळाला तो दिवस वाटत नाही.

दिव्याच्या खोक्यावरचे १०,००० लक्स हे ठरावीक अंतरावरचे असतात, बऱ्याचदा वीत-दीड वीत. अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा उजेड चौथाईवर येतो. मोठ्या पॅनेलला हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, पण घसरण मोठीच असते. म्हणजे आई टेबलापलीकडे, मान खाली घालून बसल्या असतील तर दहा हजारांतले त्यांच्या डोळ्यांत किती पोहोचतात ते तुम्हीच पाहा. कोणत्या अंतरावर किती लक्स, हे जो विक्रेता सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि पुरावा. सगळ्यात गाजलेली चाचणी नेदरलँड्समधली, २००८ साली प्रसिद्ध झालेली. १२ निवासी केंद्रं, १८९ रहिवासी. काही केंद्रांत छताला जास्त दिवे लावून दिवसभर साधारण १,००० लक्स ठेवले, बाकीच्यांत ३०० च्या आसपास. सरासरी १५ महिने पाठपुरावा केला. उजेडाच्या गटात बुद्धीची घसरण किंचित मंदावली, ३० गुणांच्या परीक्षेत जेमतेम एक गुणाचा फरक. उदासीही कमी झाली, आणि रोजच्या कामांतली घसरण बरीच सावकाश झाली. मन उभारी धरतं ते या शेवटच्या दोन गोष्टींमुळे, गुणांमुळे नव्हे.

पण २०१४ मध्ये कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने, तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि डिमेन्शियात प्रकाशोपचाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. झोप, वागणूक, बुद्धी, कशातच खात्रीलायक फायदा दिसला नाही. याउलट अमेरिकेतल्या झोपविकार-तज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ च्या मार्गदर्शनात, डिमेन्शिया असलेल्या वृद्धांची झोप अशी विखुरलेली असेल तर प्रकाशोपचार करून बघावा असं सुचवलं, शिफारस मात्र "कमकुवत" दर्जाची. त्याच मार्गदर्शनात या रुग्णांना झोपेच्या गोळ्या देण्याविरुद्ध ठाम मत आहे. तुमच्या आईंचा तोल गेला ते वाचून मला तेच आठवलं.

मतं इतकी वेगळी का, तर माझ्या समजुतीनुसार बऱ्याच चाचण्या छोट्या होत्या, काही आठवड्यांच्याच, आणि प्रत्येकीत दिवा वेगळा, वेळ वेगळी, अंतर वेगळं. माणूस दिव्यासमोर खरोखर किती वेळ बसला हेही कळणं अवघड. डिमेन्शिया असलेल्या माणसाला एका जागी बसवणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे.

आमच्या घरचं सांगतो. टेबलावरचा दिवा लावला की पत्नी उठायची, त्याच्याजवळ जायची, हळूच त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायची आणि परत येऊन बसायची. रोज. तिला तो टोचत होता, आणि तिचं बरोबर होतं. मग मी तो नाद सोडला. तिला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला आवडतं, मोजे जोडायला, रुमाल चार पदरी करून हाताने सारखे करायला. ती जागा खिडकीपाशी हलवली. डोक्यावर, डोळ्यांच्या रेषेच्या थोडी पुढे, दुधी झाकणाची रुंद पांढरी पॅनेल लावली, समोरच्या भिंतीला पांढरा रंग दिला आणि टेबलावर फिकट कापड घातलं. भिंतीवरून परतणारा उजेड डोळ्याला बोचत नाही. मीटर डोळ्यापाशी हजाराच्या पुढे गेलं आणि ती तिथे सकाळभर आपणहून बसू लागली. तिला कुणी "उपचार" करतंय असं वाटतच नाही.

फरक पडला तो आधी दुपारी. खुर्चीतलं ते मेल्यासारखं झोपणं कमी झालं, डुलकी छोटी झाली. संध्याकाळची येरझार काहीशी निवळली. रात्री ती अजूनही उठते, पण परत झोपते. स्मरणशक्तीत काही फरक नाही. मला ती अजून मधूनच तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारते आणि मी ओ देतो.

तेव्हा माझं मत असं: झोपेसाठी आणि दिवसभराच्या हुशारीसाठी जरूर करून बघा. स्मरणशक्तीसाठी म्हणून घेऊ नका. आणि खोक्यातल्या दिव्यापेक्षा आईंची बसायची जागा आधी बदला.

नेत्रमित्र

मी दृष्टितपासणीचं काम करतो. मोतीबिंदूबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मोतीबिंदूमुळे उजेड डोळ्यात कमी पोहोचतो, विशेषतः निळा, आणि जो पोहोचतो तो आत विखुरतो. म्हणून तीव्र दिवा समोर ठेवला की डोळे दिपतात, चिडचिड होते. लक्समापक काकांनी सांगितलेला पसरट, वरून येणारा उजेड अशा डोळ्यांना सोसवतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया करण्याजोगी असेल तर त्याबद्दल नेत्रतज्ज्ञांशी नक्की बोला. उजेड आत जायची वाटच मोकळी होते, आणि आईंना संध्याकाळी भास होत असतील तर दिसायला लागल्यावर तेही कमी होऊ शकतात.

दिवा सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. मधुमेहामुळे पडद्याला इजा, मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) ऱ्हास, नुकती झालेली शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तीव्र दिवा नको. औषधांची यादीही दाखवा. अमिओडॅरोन, क्लोरप्रोमझिन, डॉक्सीसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड अशा काही औषधांनी प्रकाशाची संवेदनशीलता वाढते. पूर्वी कधी उन्मादाचे झटके आले असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, तीव्र प्रकाशाने ते उसळू शकतात. आणि दिवा अतिनील किरण गाळणाराच हवा. डोकं दुखणं, मळमळ, डोळे चुरचुरणं यांवर लक्ष ठेवा. आई बोलून दाखवणार नाहीत, पण डोळे चोळतील, तोंड फिरवतील.

शर्वरी_ल

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय! भैरवीताई, काल रात्री ती उठल्या उठल्या बाथरूमला नेलं. खरंच लघवीला लागली होती. नंतर गाठोडं न बांधता झोपली, निदान पहिल्या वेळी तरी. डोनेपेझिल आम्ही रात्रीच देत होतो, परवा डॉक्टरांना विचारते.

काका, दोन शंका. ती नऊला झोपते आणि एकला उठते, मग उजेड सकाळी द्यायचा की संध्याकाळी? भाऊ म्हणतो संध्याकाळी दिला तर ती उशिरा झोपेल आणि उशिरा उठेल. आणि त्या लुकलुकणाऱ्या यंत्राचं काय? मेलाटोनिनबद्दलही, म्हणजे झोपेच्या हार्मोनच्या गोळीबद्दल, कुणी लिहाल का?

लक्समापक

भावाचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. संध्याकाळचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, सकाळचा पुढे ओढतो. एखादा माणूस सातलाच झोपून पहाटे तीनला ताजातवाना उठत असेल तर त्याला संध्याकाळचा उजेड देतात. आईंचं तसं दिसत नाही. त्यांची झोप सरकलेली नाही, तुकडे झालेली आहे, दिवसाही आणि रात्रीही. अशा वेळी दिवस जितका ठळक करता येईल तितका करायचा. सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत भरपूर उजेड, जमलं तर बाहेर फेरी. चालणं आणि उजेड एकत्र झाले तर फारच छान, आणि बाहेरच्या उजेडाची बरोबरी कुठलंही पॅनेल करत नाही.

चाळीस वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाची गोष्टच वेगळी आहे. लाइट थेरपीशी त्याचा संबंध नाही. २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या ली-ह्युई त्साई यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की ४० हर्ट्झच्या लुकलुकण्याने मेंदूच्या दृष्टीच्या भागातलं ॲमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, घटलं. बातमी जगभर गाजली. पण २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांवर तेच करून पाहिलं तर तसा परिणाम दिसला नाही. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. निकाल लागण्याआधी कुणी ते यंत्र "कचरा साफ करणारं" म्हणून विकत असेल तर मला त्याचा राग येतो, कारण घेणारी माणसं आपल्यासारखी असतात, दमलेली. शिवाय अल्झायमरमध्ये फिट्स येण्याचा धोका आधीच जास्त असतो, लुकलुकणारा प्रकाश त्यात नको. आपल्या नेहमीच्या दिव्यांतही न लुकलुकणारे बघून घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की स्वस्त एलईडीचे सरकणारे पट्टे दिसतात.

मेलाटोनिन: मी सांगितलेल्या डच चाचणीत तेही तपासलं होतं, २.५ मिलिग्रॅम. झोप लागायला सरासरी ८ मिनिटं कमी लागली आणि एकूण झोप २७ मिनिटांनी वाढली. पण नुसतं मेलाटोनिन घेणाऱ्यांची मनःस्थिती खालावली, ती माणसं जास्त अलिप्त झाली. उजेडासोबत दिल्यावर तो परिणाम दिसला नाही. अमेरिकी अकादमीने मात्र डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना ते न देण्याकडेच कल दाखवला आहे. डॉक्टरांशिवाय सुरू करू नका.

भैरवी_सेवा

संध्याकाळबद्दल थोडं. लोक उजेड-अंधाराची सरमिसळ करतात, म्हणून सांगते. तिन्हीसांजेला खोली अंधारी ठेवू नका. सावल्या लांबल्या की रुग्णांना कोपऱ्यात माणसं दिसतात. बाहेर अंधारायच्या आत दिवे लावा आणि पडदे ओढा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की आमच्या केंद्रातल्या एक आजी "ती बाई कोण उभी आहे" म्हणून रडायच्या. पडदा लागला की थांबायच्या. झोपायला तासभर उरला की मग पांढरे दिवे बंद करून पिवळसर मंद दिवा, टीव्हीही बंद. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत छोटे पिवळे दिवे ठेवा. रात्री वरची ट्यूबलाइट लावू नका, घड्याळाला वाटतं उजाडलं.

"घरी जायचंय" म्हणाल्या की "हेच तर घर" असं समजावू नका. "कोण कोण आहे घरी?" असं विचारा आणि हात धरून खोलीतच फेरी मारा.

शर्वरी_ल

ठरलं. दिव्याची खरेदी थांबवलीय. या आठवड्यात नेत्रतज्ज्ञ आणि तिचे डॉक्टर दोघांनाही भेटते. खुर्ची आजच खिडकीसमोर फिरवली. आईने आधी तक्रार केली, मग बराच वेळ बाहेर झाडावरच्या खारीकडे बघत बसली. फोनमधलं लक्स मोजायचं ॲप चालेल का काका? आणि फरक पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? मला रोज वेगळंच वाटतं.

लक्समापक

ॲप अचूक नसतं, पण जुनी जागा आणि नवी जागा यांची तुलना करायला चालेल. एकाच फोनने, आईंच्या डोळ्याच्या उंचीवर, एकाच वेळी मोजा.

फरकासाठी वही ठेवा. चोवीस तासांची आडवी रेघ, तासांचे खण. झोपल्या तो खण काळा करायचा, एवढंच. बदल करण्याआधी आठवडाभर भरा, मग बदल करा आणि निदान चार आठवडे भरत राहा. दुपारचे काळे खण कमी होतात का ते आधी बघा, रात्रीचं मागाहून येतं. एकाच वेळी गोळीची वेळ, खुर्ची आणि दिवा असं सगळं बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. गोळीचं डॉक्टर जे सांगतील ते आधी, मग आठवड्याने पॅनेल. चार आठवड्यांनीही वही तशीच दिसली तर पॅनेलवर आणखी खर्च करू नका, खिडकी आणि सकाळची फेरी मात्र सोडू नका.

आणि वहीत तुमच्या स्वतःच्या झोपेचीही एक रेघ ओढा. डॉक्टरांना दोन्ही दाखवा.